मांडवांच्या सणाची पेरणी

दिनांक : १९ मार्च १८९६

प्रति,
मा. प्रशासक,
वसाहत कार्यालय, कोलोनिया एस्पिनिल,
एन्त्रे रिओस प्रांत, अर्जेंटिना.

अर्जदार : गिटेल बेरिश लांडवेर, शेत क्र. २३.

विषय : आमच्या शेतातील गव्हाच्या पेरणीचा महिना आपल्या लेखी हुकमाने ठरवून मिळण्याबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाची नोटीस क्र. ४१, दि. २ मार्च १८९६.

महोदय,

आमच्या यंदाच्या गव्हाचे शंभर दाणे २.१ ग्रॅम भरतात. शेजारच्या २४ क्रमांकाच्या शेतातले शंभर दाणे ३.८ ग्रॅम भरतात. दोन्ही वजने मी तीन-तीन वेळा घेतली आहेत. आमचा दाणा लांबीला फारसा कमी नाही. पण त्याच्या पोटाची खाच इतकी खोल गेली आहे की दोन्ही कडा एकमेकींना टेकतात, आणि दाबून पाहिल्यास पिठापेक्षा सालच जास्त हाताला लागते. दोन्ही दाण्यांच्या पुड्या सोबत जोडल्या आहेत. बी एकच होते, आपल्याच कोठारातले. जमीन एकच, मध्ये फक्त तारेचे कुंपण आहे. शेजाऱ्यांनी जूनमध्ये पेरले आणि आम्ही ऑक्टोबरात, एवढाच फरक.

१. मी पूर्वी रशियातील खेर्सन येथे औषधालयात सहायक होते, म्हणून वजनकाटा व तापमापक माझ्याजवळ आहेत. घरात आम्ही चौघे : सासरे झानवेल लांडवेर, वय ६४, ज्यांच्या नावे शेताचा करार आहे, माझे पती बेरिश, मी, आणि मुलगी मिरेल, वय ५. सासूबाई येताना बोटीवर वारल्या. त्यांना समुद्रातच सोडावे लागले.

२. आपल्या नोटिशीत म्हटले आहे की सलग दोन हंगाम अवेळी पेरणी झाल्यामुळे, यापुढे पेरणीची जबाबदारी घरातील कोण घेणार हे ३१ मार्चपूर्वी कळवावे. न कळवल्यास शेत, घर व बैलजोडी दुसऱ्या कुटुंबाकडे देण्यात येईल. नोटीस योग्य आहे. माझी तक्रार नोटिशीविरुद्ध नाही.

३. सासरे आळशी नाहीत की अडाणी नाहीत. खेर्सनकडे त्यांनी चाळीस वर्षे हिवाळी गहू पिकवला. तिकडे आम्हा यहुद्यांच्या मांडवांच्या सणाच्या सुमारास, म्हणजे ऑक्टोबराच्या आसपास, बी जमिनीत जाते, मग थंडी येते. येथे तो सण येतो तेव्हा वसंत निम्मा सरलेला असतो, आणि कणसात दूध भरायच्या दिवसांत सावलीतला पारा ३६ अंशांवर असतो. हे मी त्यांना आकडे दाखवून सांगितले. ते म्हणाले, "सूनबाई, त्या सणानंतर आपण पावसाची प्रार्थना सुरू करतो. तोंडाने पाऊस मागायचा आणि बी कोठीत ठेवायचं? देवाची थट्टा करायची का?" ती प्रार्थना यरुशलेमच्या पावसासाठी आहे, असे मी म्हटले. त्यावर ते म्हणाले, "मग तिथं जाऊन पेर."

पहिल्या वर्षीचे नुकसान त्यांनी टोळांच्या नावावर घातले. यंदा टोळ आले नाहीत. कापणीला आलेले आमचे शेजारी डॉन एउसेबिओ कणीस हातात चोळून म्हणाले, "आजोबा, हे गहू आहेत की बडीशेप?" सासरे हसले नाहीत. जेवलेही नाहीत.

४. घराबाबतही हेच झाले. खेर्सनप्रमाणे सासऱ्यांनी दोन्ही खिडक्या दक्षिणेला ठेवल्या. येथे सूर्य उत्तरेकडून जातो. गेल्या जुलैत भर दुपारी खोलीत ६ अंश होते आणि घरामागे, उत्तरेच्या भिंतीशी, १५. मिरेलचा खोकला अकरा आठवडे टिकला. मी तिला व पिठाच्या परातीला घेऊन घरामागे बसत असे. सासरे मात्र घोंगडी पांघरून दक्षिणेच्या अंगणातच बसत. "ऊन दक्षिणेलाच येतं. हे पुस्तकातलं नाही, पाठीला ठाऊक असतं," असे ते म्हणत, आणि त्यांचे दात वाजत.

५. आता पतीविषयी. त्यांना माझे म्हणणे पहिल्या वर्षापासून पटलेले आहे. वडिलांना सांगण्याचे त्यांनी माझ्याजवळ अनेकदा कबूल केले. "गिटेल, शब्बाथ जाऊ दे." "बैलाचा पाय बरा होऊ दे." "आईचं वर्षश्राद्ध होऊ दे." बोटीवर सासूबाई गेल्या त्या दिवशी सासऱ्यांनी त्यांना विचारले होते, "आता तरी माझं ऐकशील ना?" आणि ते हो म्हणाले होते. तेव्हापासून त्यांनी वडिलांना नाही म्हटलेले मी ऐकलेले नाही.

गेल्या जूनमध्ये त्यांनी कोंबड्यांच्या खुराड्यामागे, वडिलांना न सांगता, तीस पावले लांबीचा एक पट्टा पेरला. तो उत्तम उगवला. ऑगस्टमध्ये सासऱ्यांनी तो पाहिला. "कुणाचं तरी बी सांडलेलं दिसतंय," म्हणून त्यांनी तेथे गाय सोडली. माझे पती कुंपणाला धरून उभे होते. ते मी पेरले, एवढे तीन शब्द त्यांच्या तोंडून निघाले नाहीत. गाईला पट्टा संपवायला दोन दिवस लागले. दोन्ही दिवस त्यांनीच तिला पाणी पाजले.

६. सबब विनंती अशी की, शेत क्र. २३ मध्ये गहू जूनमध्येच पेरावा असा हुकूम आपण द्यावा. तो शक्यतो स्पॅनिशमध्ये असावा. सासऱ्यांना ती भाषा वाचता येत नाही, पण शिक्क्याचा ते मान ठेवतात. तो घोडेस्वाराने आणून अंगणात मोठ्याने वाचावा. म्हणजे आमच्या घरात कोणालाच काही बोलावे लागणार नाही. जमल्यास खिडक्यांचाही उल्लेख व्हावा. एका कुटुंबाने आपले बोलणे सरकारकडून करून मागावे हे विचित्र आहे, याची मला जाणीव आहे. दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

७. कलम ६ मधील विनंती मी मागे घेत आहे. दुसरा कागद नसल्याने तो मजकूर तसाच ठेवला आहे. केवळ बियाण्याचा आमचा वाटा मेअखेर मिळावा. कारण पुढीलप्रमाणे.

करार सासऱ्यांच्या नावे असल्याने हा अर्ज त्यांच्या माघारी पाठवणे मला बरोबर वाटले नाही. आज दुपारी जेवणानंतर मी तो पहिल्या ओळीपासून वाचून दाखवला. सासऱ्यांनी मध्ये एकदाही अडवले नाही. पट्ट्याचा मजकूर आला तेव्हा त्यांनी फक्त पतींकडे पाहिले. वाचून झाल्यावर पुडीतले दाणे तळहातावर घेऊन ते बराच वेळ बोटाने फिरवत राहिले.

मग म्हणाले, "गाय सोडली तेव्हा तू तिथंच होतास."

"होतो."

"मग ओरडला का नाहीस, गाढवा? मी चांगला गहू गाईला घातला!"

सासऱ्यांनी दाणे पुन्हा पुडीत ओतले.

"आता साहेब विचारतोय, घरात कोण पेरणार. सून कागदावर लिहिते, मी म्हातारा बडबडतो. तुझं काय? मी जाईपर्यंत थांबायचा विचार आहे का?"

मिरेल खोकली. पती उठले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली, आणि वडिलांकडे पाहून म्हणाले, "बाबा, यंदा मी पेरणार. वल्हांडणाचा सण संपला की नांगर काढणार आणि जूनमध्ये बी टाकणार. तुम्ही नको म्हणालात तरी."

आपल्या नोटिशीचे उत्तर एवढेच आहे.

आपली विश्वासू,
गिटेल लांडवेर