कडू कुणाला लागलं

दिंडोरी,
१२ नोव्हेंबर १९८३

प्रिय मल्हारीदादा,

मामंजींच्या दहाव्याला तू मालेगावहून आलास, पण माणसांच्या गर्दीत आपलं बोलणं झालंच नाही. माझ्याकडे बघून बायका कुजबुजत होत्या, ते तुझ्याही कानावर आलं असेल. सुनेनं रांधलं आणि सुनेनंच खाल्लं नाही, असं गावभर झालंय. म्हणून घडलं ते सगळं लिहिते.

त्या दिवशी परसातल्या वेलाचा दुधी चिरला. फोड जिभेला लावली तर कडूजहर. सासूबाईंना म्हटलं, टाकून देऊ. त्यांनी एक फोड चावून बघितली. "कुठं कडू हाय? माहेरी लय लाडावलेली जीभ तुझी!" मग मी भाजी केली. मामंजींनी दोनदा मागून घेतली. हे जेवले, सासूबाई जेवल्या. माझ्या घशाखाली घास उतरेना, मी चटणीशी भाकरी खाल्ली. तासाभरात तिघांनाही उलट्या सुरू झाल्या. मामंजींच्या उलटीत रक्त होतं. शेजारच्या सहादूभाऊंनी ट्रॅक्टर काढून नाशिकला नेलं. मायलेक वाचले, मामंजी गेले.

फौजदार आला तेव्हा दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई माझ्या बाजूनं बोलल्या. कडू दुधी विषारी असतो म्हणाल्या. "मग मला कसा नाय लागला कडू?" सासूबाईंनी विचारलं. बाईंनी कॉलेजातून कडू औषध लावलेल्या कागदाच्या पट्ट्या मागवून आम्हा तिघांच्या जिभेवर ठेवल्या. सासूबाई म्हणाल्या, नुसता कागद हाय. मला चूळ भरायला धावावं लागलं. कडू लागणं न लागणं जन्मजात असतं, आईबापांकडून येतं, दुधीचंही तसंच काहीसं झालं असेल, असं बाईंनी सांगितलं. सासूबाई मला धरून रडल्या. "पोरी, मला खरंच कळलं नाय गं." त्यांच्यावर माझा राग नाही.

पण दादा, यांनीही पट्टी थुंकली होती. घरी आल्यावर विचारलं, तर मान खाली घालून म्हणाले, "भाजी कडू लागली व्हती. पण आई नाय म्हणाली, मग मी कसं बोलू?" फौजदार मला उभं करून खोदून खोदून विचारत होता, तेव्हाही हे शेजारच्या खाटेवर गप्पच होते. लोक मला खुनी म्हणतात, तरी गप्पच आहेत.

आता यांचं ताट मी सासूबाईंनाच वाढायला सांगते. पुढच्या रविवारी ये आणि मला घेऊन जा. आईला एवढंच सांग, सिंधू राहायला येतेय. किती दिवस, ते तिनं विचारू नये.

तुझीच,
सिंधू