नाकाओ मॅडमची शुक्रवारची तालीम

शुक्र., ९ जाने.
मुलांच्या ऑर्केस्ट्राच्या तालमीत नाकाओ मॅडम मधेच थांबल्या. नुकताच वाजवून झालेला भाग परत पहिल्यापासून घेतला. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं, पण वाजवलं. गाडीत रेवा म्हणाली, "आई, शी फरगॉट. लास्ट वीक ऑल्सो." म्हटलं, दमल्या असतील गं. वय झालंय.

रवि., ११ जाने.
संध्या. वरच्या मजल्यावर मॅडमकडे चहा. खुशीत होत्या. तरुणपणीचं सांगत होत्या. जपानात तेव्हा बाईने ऑर्केस्ट्रासमोर उभं राहायचं म्हणजे! पहिल्या तालमीला निम्म्या वादकांनी वाद्यं उचललीच नाहीत.
"मग?"
"हात वर धरून उभी राहिले. शेवटी एका म्हाताऱ्या बासरीवाल्याला दया आली."
नवऱ्याच्या नोकरीपायी दोहात आल्या. तो गेल्यावर परतल्या नाहीत, इथल्या पोरांचा ऑर्केस्ट्रा उभा केला. कुठकुठल्या देशांची पोरं.
निघताना मला विचारलं, "तुझी मुलगी काही वाजवते का?"
रेवा इतकी वर्षं त्यांच्यासमोर बसून व्हायोलिन वाजवतेय.

बुध., १४ जाने.
ओसाकाहून मॅडमच्या मुलाचा फोन. फोनवर बोलताना त्यांचं विसरणं त्यालाही कळलंय. आईला न्यायला येतोय. मुलांचा फेब्रुवारीतला कार्यक्रम रद्द करा म्हणाला. मी म्हटलं, तेवढा एक होऊ द्या, रमजानच्या आधी आहे. कबूल झाला. बरोबर केलं का? नवऱ्याला विचारलं, तर सुहास म्हणतो, "तू त्यांच्या घरची नाहीस. मधे पडू नकोस." खरंय. पण इथे त्यांच्या घरचं आहे कोण?

शुक्र., ६ फेब्रु.
कार्यक्रम झाला. पहिली रचना सुरेख. दुसरीत अर्ध्यावर मॅडमचा हात खाली आला, तो वर गेलाच नाही. नुसत्या मुलांकडे बघत राहिल्या. पुढे बसणारी हाला, इजिप्शियन पोरगी, थांबली नाही. तिच्या मागून सगळी. त्यांच्याविना शेवटपर्यंत वाजवलं.
टाळ्या पडल्या. मॅडमही टाळ्या वाजवायला लागल्या, आमच्यासारख्याच. छान वाजवतात ना मुलं, असा चेहरा.
त्यांचा मुलगा खाली मान घालून. मी तिसऱ्या रांगेत. काय करणार होते?

सोम., ९ फेब्रु.
एअरपोर्ट. आत जायच्या आधी अडून बसल्या. "शुक्रवारी तालीम आहे. तू सांग याला." मुलगाही माझ्याकडेच बघत होता. शेवटी त्याने हळूच कोपराला धरलं, आणि गेल्या. एकदा वळून पाहिलं असतं तर...

शुक्र., १३ फेब्रु.
आज तालीम नाही, सगळ्यांना कळवलं होतं. तरी झाडून सगळी पोरं आली. खुर्च्या स्वतःच मांडल्या, सूर जुळवले, आणि वाट बघत बसली. सुरू कुणी करायचं? आम्ही पालक फोन लावत बसलो. एक संगीतशिक्षक म्हणाले, ईदनंतर बघू, इन्शाल्ला. दुसऱ्यांनी उचललाच नाही.
हॉलचा बशीर विचारायला आला, "मॅडम, हर फ्रायडे का बुकिंग रखना है, या खलास?"
कल बताती हूँ, म्हटलं.
आतून रेवा, "आई, व्हॉट डू वी डू?"
सगळ्यांच्या माना माझ्याकडे. मला तर सा सुद्धा धड लावता येत नाही.