काळा अंगठा उमटलेली काडेपेटी

अण्णा, त्या खंडेनवमीला माझ्या शेडमध्ये जे झालं त्याची किंमत मी इतकी वर्षं अशी सांगत आलो: गिऱ्हाइकाची एक बॅटरी, माझी डावी भुवई आणि तुमचा उजवा डोळा. बॅटरी मी आठवड्यात बदलून दिली, भुवई यथावकाश उगवली, डोळा तेवढा गेला तो गेलाच. आज दुपारी कळलं की यादीत एक बाब राहिली होती. अक्षर वेडंवाकडं आलं तर रागावू नका.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. दूधविनायकाच्या आपल्या गल्लीत मोटार शिरत नाही, म्हणून मी मैदागिनच्या पुढे मोठ्या रस्त्यावर टिनाची शेड घेतली होती, तुम्हाला न विचारता. पिढ्यान्‌पिढ्या पूजा सांगणाऱ्या घरातला मुलगा मोटारीखाली आडवा पडतो, हे तुम्हाला रुचलं नव्हतं. संध्याकाळी मी उंबऱ्यात आलो की पोथीतून मान वर न काढता तुम्ही म्हणायचात, "आधी हात. मग तोंड दाखव." मीही काही कमी नव्हतो. शिक्षण नाही, भांडवल नाही, पण कान आहे, असं छाती काढून सांगायचो. मोटार दारात थांबायच्या आत आवाजावरून तिचं दुखणं ओळखायचो. "इनके कान से कुछ छूटता नहीं," असं गिऱ्हाइकं एकमेकांना सांगत, आणि मी ते ऐकून न ऐकल्यासारखं करत असे.

त्या वर्षी आईने मध्यस्थी केली. नवमीला घरोघर हत्यारं पुजतात, मग आपल्याच मुलाच्या पान्यांनी काय घोडं मारलंय, असं ती म्हणाली. आणि तुम्ही पहिल्यांदा शेडमध्ये आलात, खांद्याला ती लाल पिशवी. पूजेला काडेपेटी नवी हवी, हा तुमचा नेम. यजमानाची पेटी बिडीला वापरलेली असते, म्हणून कोरी आणायची, देवासमोरच फोडायची, आणि उरलेल्या काड्या यजमानाकडेच ठेवून यायच्या. मी समोरच्या पानवाल्याकडून पेटी आणली आणि तशाच ग्रीसच्या हाताने तुमच्यापुढे धरली.

"पूजेच्या पेटीवर काळा अंगठा!"

"दुसरी आणू?"

"असू दे. तुझ्याच हत्यारांची पूजा. त्यांना ओळखीचा वाटेल." आणि पेटी पिशवीत टाकलीत. माझ्या धंद्यावर तुम्ही केलेली ती पहिली थट्टा, अण्णा. मी इतका फुललो की हळदकुंकू मांडताना पाने दोनदा खाली पाडले.

तेवढ्यात साडीवाले शेठ येतात. त्यांची पांढरी मोटार कालपासून माझ्याकडे आहे, बॅटरी पार बसलेली. सकाळपासून ती मी गाडीतच चार्जिंगला लावलीय, बॉनेट नुसतं टेकवून. शेठना म्हाताऱ्या आईला विंध्याचलला नवमीच्या दर्शनाला न्यायचंय. ते मला विचारतात, "का गुरू, आज चली कि ना चली? अम्मा बाहर रिक्शा में बइठल हईं." "दो मिनट," मी म्हणतो. अर्धवट भरलेल्या बॅटरीचा चार्जर काढतो, बॉनेट उघडतो, दुसरी मोटार शेजारी आणतो, तिच्या बॅटरीची वीज हिला द्यायला जंपरच्या तारा घेतो. शेठ तुम्हाला म्हणतात, "पंडितजी, हमरी गाड़ी को भी टीका लगा दीजिए, तब्बे चलेगी." तुम्ही हसता. डाव्या हातात ताम्हन, त्यात कापराची वडी, उजवी अनामिका कुंकवात बुडवून तुम्ही उघड्या बॉनेटवर वाकता. लाल तारेचे दोन्ही चिमटे लावून झालेत. काळ्या तारेचं एक टोक चांगल्या बॅटरीला लागलंय. शेवटचा चिमटा माझ्या हातात आहे. चर्र, असा बारीक आवाज येतो. मग नुसता पांढरा उजेड, आणि बंदूक सुटावी तसा बार.

पानवाल्याने पाण्याची बादलीच तुमच्या तोंडावर उपडी केली, म्हणून एक डोळा तरी वाचला, असं इस्पितळात म्हणाले. खाटेपाशी शेठ उभे होते. "ई भयल कइसे?" त्यांनी मला विचारलं. शेड नवी होती. याच्या हातात बॅटऱ्या फुटतात, अशी बोंब झाली असती तर दिवाळीपर्यंत तिला कुलूप लागलं असतं. पण मी तेव्हा खोटं बोललो नाही, अण्णा, निदान मला तसं वाटलं नव्हतं; तो चर्र आवाज मला काडी ओढल्याचाच वाटला होता. म्हणालो, "मैंने तीली घिसने की आवाज सुनी थी. कपूर जलाया होगा." तुम्ही पट्टीबाहेरच्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलंत. मग शेठकडे वळून म्हणालात, "हाँ. माचिस हमने जलाई. भूल हमारी है."

शेड चालली, वाढली. तुमचं उलटं झालं. बालाजी घाटावर आपलीच मराठी मंडळी तुम्हाला बघून म्हणत, "गुरुजी आले, दिवे सांभाळा रे!" "होम जरा लांबून सांगा हं, गुरुजी!" तुम्हीही हसायचात. आधी गाड्यांच्या पूजा थांबल्या, मग होमाची बोलावणी, मग घरी तुम्ही आणि तोंडपाठ असलेल्या पोथ्या. शेडकडे पुन्हा फिरकला नाहीत. मला वाटायचं, लाज वाटते म्हणून. पुढे एका जुन्या इलेक्ट्रिशियनने मला शिकवलं: चार्जिंगच्या बॅटरीतून वायू निघतो, त्याला एक ठिणगी पुरते, म्हणून काळ्या तारेचा शेवटचा चिमटा बसलेल्या बॅटरीला कधीच लावायचा नाही, इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावायचा, हातभर लांब, तोंड फिरवून. तेव्हापासून मी हे शेकडो लोकांना सांगितलं असेल. वर तुमची गोष्टही जोडायचो: आणि जवळ काडी ओढू नका, माझ्या वडिलांनी ओढली होती. त्या दिवशी शेवटचा चिमटा मी कुठे लावला होता, हे एकदाही स्वतःला विचारलं नाही.

आज परत खंडेनवमी. बायको ट्रंकेतून ताम्हन काढायला गेली आणि तुमची लाल पिशवी घेऊन आली, ॲसिडने चाळण झालेली. त्या दिवसानंतर तुम्ही ती वापरलीच नव्हती, हे तिलाही ठाऊक होतं.

"अहो, यात माचिस आहे. आणि ही तर फोडलेलीच नाही!"

"दाखव."

"घ्या की. ओरडताय काय असे?"

पेटीवरची कागदी पट्टी अखंड होती. कडेचा मसाला कोरा, एक ओरखडा नाही. आणि चित्रावर माझा काळा अंगठा. मी खालीच बसलो. बायको पाणी घेऊन आली, विचारत राहिली, आणि मी पेटी उलटसुलट करून बघत राहिलो. यादीत राहिलेली बाब ती हीच. तुमचं नाव. त्या खाटेवरून तुम्ही ते माझ्या शेडसाठी देऊन टाकलंत, आणि मी घेतलं आहे हेसुद्धा मला कळलं नाही.

तुम्ही गेलात तिथे हे पत्र घालायला पत्ता नाही. घडी करून पेटीबरोबर पिशवीत ठेवीन. बायकोला सांगितलं, चक्कर आली. संध्याकाळी शेडवर गेलो तर एक नवं गिऱ्हाईक म्हणालं, "सुना है, आपका कान कभी धोखा नहीं खाता." मी नेहमीसारखी मान हलवली. तेवढंही खरं बोलवलं नाही, अण्णा. शेवटचा चिमटा मी बॅटरीलाच टेकवला होता. तो चर्र आवाज माझ्याच हातातून आला होता, आणि मी तो ओळखला नाही.