मागे जाण्याचं कारण

४ मार्च

श्रीमती पदवीधर यांस,
स. न. वि. वि.

परक्याला लिहितात तसा मायना चुकून पडलेला नाही. रविवारी तुझी सुट्टी संपली, तू गाडीत बसलीस, आणि काल सकाळी मी संगणक सुरू केला. पडद्यावर सगळं नवंकोरं, माझ्या ओळखीचं काही जागेवर नाही. भरतकामाचा प्रोग्राम उघडला तर म्हणतो, मशीन सापडत नाही. मशीन हातभर अंतरावर आहे. मला दिसतं, तुझ्या वहिनीला दिसतं, बाबांना चष्म्याशिवाय दिसतं. तू सुधारलेल्या संगणकालाच तेवढं दिसत नाही.

नर्सिंगच्या शाळेचे एकशेवीस एप्रन कपाटात पडून आहेत. प्रत्येकावर शाळेचं चिन्ह आणि मुलीचं नाव भरायचं, एकतीस तारखेला पोचवायचे. यंदा चुकलो तर काम कायमचं दुसऱ्याकडे जाईल, असं तिथल्या मेट्रनबाईंनी तोंडावर सांगितलंय. ते गेलं की मी परत शीतगृहात खोकी उचलायला. तिथून कंबर धरून बाहेर पडलो होतो, आठवत असेल. तुझं कॉलेज चालू होतं तेव्हा.

बारा वर्षांचा संगणक, पण घोड्यासारखा चालत होता. त्याला शहाणं करायला कोणी सांगितलं होतं तुला? फोन करू नकोस. घरचा नियम ठाऊक आहे: भांडण कागदावर. बाबांनी पस्तीस वर्षं टपाल वाटलं, ते म्हणतात, तोंडातून गेलं ते गेलं. पत्र निदान पेटीपर्यंत आपल्या हातात असतं.

कळावे. लोभाचं नंतर बघू.

अजून तरी तुझा,
दादा


६ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळताच नियम मोडून तीनदा फोन केला. तिन्ही वेळा वहिनीने उचलला आणि तू मागून ओरडलास, पत्र पाठव म्हणावं. चौथ्यांदा तिलाच उपाय सांगायला लागले तर तू वायर उपटलीस. एवढा हट्ट बरा नव्हे, कारण या कामाला मुदत आहे.

ऐक. नवी प्रणाली आवडली नाही तर जुनीवर परत जाता येतं, पण फक्त दहा दिवस. मी रविवारी, दोन तारखेला केलं. म्हणजे बारा तारखेच्या आत. सेटिंगमध्ये जा, तिथे मागील आवृत्तीवर जाण्याचं बटण आहे. ते दाब आणि पुढे, पुढे म्हणत जा. तास-दीड तास लागेल. मध्ये वीज बंद करू नकोस. तुझी साडेतीनशे नक्षीकामं जागच्या जागी राहतील.

आणि कोणी सांगितलं होतं, हे विचारलंस म्हणून. त्या जुन्या प्रणालीला आता सुरक्षेची दुरुस्ती मिळत नाही. कोणीही आत शिरू शकतं. घरात शिकलेली मीच, मग हे मी नाही बघायचं तर कोणी? आपण काय जन्मभर लोकांनी टाकून दिलेल्यावर दिवस काढायचे? मी घरच्या भल्यासाठी केलं. तुला भलं करणारं माणूस चावतं, त्याला मी काय करू!

कळावे. लोभ आटला असल्यास तळाला उरला असेल तेवढा ठेवावा.

तुझी धाकटी


१३ मार्च

पदवीबाई,
स. न. वि. वि.

तुझं पत्र आठ तारखेला मिळालं. त्याच दुपारी बसलो. बटण सापडलं. ते दाबल्यावर संगणकाने पाटी दाखवली, मागे का जायचं आहे? खाली पाच-सहा कारणं, आणि शेवटी सविस्तर लिहायला रिकामी चौकट. माझं कारण वरच्यांत बसत नव्हतं. म्हणून सविस्तर लिहिलं. दोन बोटांनी संध्याकाळपर्यंत. मशीन कोणतं, काम कोणाचं, न विचारता बदल कोणी केला, सगळं. तक्रारीत तारीख आणि पूर्ण पत्ता हवाच, असं बाबा म्हणाले, तेही घातलं.

मग उत्तराची वाट बघत थांबलो. कारण विचारलंय म्हणजे कोणीतरी वाचणार, वाचून परवानगी देणार. बाबा म्हणाले, तक्रारीला चार दिवस धरायचेच. कोणाचा हात लागू नये म्हणून पडद्यावर फडका टाकला. आज सकाळी फडका काढला, पुढे दाबलं, तर म्हणतो मुदत संपली. आता ते बटणच दाबलं जात नाही. हस, पोट भरून हस. पुढे, पुढे म्हणत जा, असं लिहिलं होतंस. त्या चौकटीचं उत्तर कोणी देत नसतं, हे लिहायला शाई संपली होती का? माणसाने कारण विचारायचं आणि ऐकायला बसायचंच नाही, ही तुमच्या शिकलेल्यांची रीत मला कशी कळावी?

वहिनीने हाताने भरायला घेतलंय. दिवसाला दोन होतात. छत्तीस होतील महिनाअखेर. हिशेब तूच कर.

एक विचारतो. माझ्यासारख्या अडाण्याला हा संगणक साध्या गोष्टीचं कारण विचारतो. मग एवढा मोठा बदल करताना त्याने तुला काहीच विचारलं नाही?

दादा


१५ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

विचारलं होतं.

पिवळा त्रिकोण असलेली पाटी आली होती. तुझ्या भरतकामाच्या प्रोग्रामचं नाव घालून लिहिलं होतं की हा नव्या प्रणालीवर चालणार नाही. मी ती दोनदा वाचली आणि पुढे दाबलं. तू मशीनला तेल देत होतास, पाठमोरा. हाक मारली असती तर तू नको म्हणाला असतास, म्हणून मारली नाही. वाटलं, जुनं बंद पडलं की दादा झक मारून नवं घेईल. सुरक्षेचं खरं आहे, पण ते निम्मंच. ऑफिसातल्या मैत्रिणी घरी यायचं म्हणत होत्या आणि मला त्या पिवळ्या पडलेल्या डब्याची लाज वाटत होती. तुझ्या खोक्यांवर मी शिकले आणि तुझ्याच डब्याची लाज.

तुझ्यावर हसले नाही. चौकटीचं लिहायचं मलाच सुचलं नाही.

रजा मागितली, मिळाली नाही. आले तर नोकरी जाईल, तरी तू म्हणशील तर येते. नाहीतर एक वाट आहे. दुकानदाराने दिलेली जुन्या प्रणालीची आणि मशीनसोबतची, अशा दोन सीड्या बटणांच्या डब्यात असतात. या पत्रासोबतच्या कागदावर मी एकवीस पायऱ्या लिहिल्या आहेत. आधी नक्षीकामं पेनड्राइव्हवर उतरव आणि उघडून बघ. सातवी पायरी विचारेल, सगळं पुसू का? तिथे हो म्हणायचं. कुठेही कोणाच्या उत्तरासाठी थांबायचं नाही. काम झालं की इंटरनेटची वायर काढून ठेव. मग कोणी शिरायचा प्रश्न नाही. हे मला तेव्हाही सुचायला हवं होतं.

लोभ मागायला तोंड नाही. वहिनीच्या बोटांना तेल लाव.

धाकटी


२० मार्च

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

येऊ नकोस. नोकरी घालवून इथे काय दोरे कापणार आहेस?

तुझा कागद वहिनीने वाचला, मी बटणं दाबली. पेनड्राइव्ह तीनदा उघडून बघितला. सातव्या पायरीला थांबलो. तू म्हणतेस हो म्हण, आणि तुझ्यावर तर आता विश्वास उरलेला नाही. पण खोटं बोलायचं असतं तर तू त्रिकोणाचं लिहिलं नसतंस, असं वहिनी म्हणाली. मग दाबलं. सकाळी नऊला बसलो, चार वाजता मशीनने पहिला टाका घेतला. आजपर्यंत सत्तावन्न एप्रन झाले. एकतीसच्या आत होतील.

राग गेलेला नाही. विसरायलाही लावू नकोस. मी खोकी उचलली ती स्वतःच्या मर्जीने, तुझ्या डोक्यावर ठेवायला नाही. पण माझं काम बंद पाडून तू मला वर काढणार होतीस, हे गिळायला जड जातंय. मैत्रिणींना खुशाल घेऊन ये. डब्यावर फडका टाकणार नाही.

संगणकाला नवा पासवर्ड घातलाय. तुला सांगणार नाही. वहिनीच्या पोटात शिरून काढायचा प्रयत्नही करू नकोस, तिलाही सांगितलेला नाही. पुढच्या वेळी काही सुधारावंसं वाटलं तर आधी मला हाक मार. मी बहुतेक नाहीच म्हणेन. तरी मार.

दादा