घुंडीवरचे चार

नाना, तुम्हाला जाऊन वीसहून अधिक वर्षे लोटली. एवढ्या अवधीत मी तुम्हाला एकही पत्र लिहिले नाही, कारण तुमच्या योग्यतेचा विषयच सापडला नव्हता. आज सापडला आहे: कोनमापनाच्या एककाची निवड. जन्मभर अंश-कला-विकलांत रमलेल्या भूमापकास परलोकात याहून मनोहर प्रश्न कोण विचारणार?

प्रकरण असे. आपले चिरंजीव, अर्थात प्रस्तुत पशुवैद्य, उसात शिरलेल्या बिबट्यांना भूल देणाऱ्या पथकाचे मार्गदर्शक आहेत. पथकाकडे भुलीची सुई मारणाऱ्या दोन बंदुका. प्रत्येकीवर दुर्बीण, दुर्बिणीवर घुंडी. ती फिरवली की नेम वर-खाली सरकतो. जुन्या बंदुकीची घुंडी कलांत मोजते, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागात. नवीची मिलमध्ये: हजार मीटरवर एक मीटर, म्हणून चाळीस मीटरवर चार सेंटिमीटर. एक मिल म्हणजे जवळपास साडेतीन कला. आता दोन्हींवर एकच एकक ठेवायचे आहे, आणि त्या शिफारशीचा कागद तुमच्या पितळी कोनमापकाखाली दबून पडला आहे. (दहावीच्या निकालानंतर तुम्ही तो मला दिलात तेव्हा मला घड्याळ हवे होते, हे विनम्रपणे नमूद करतो.) निवड अवघड नाही. कुलपरंपरेने मी कलांचा पक्षपाती. परंतु तोंडी हिशोबास मिल सोयीचे, म्हणून ते लिहून टाकले. अवघड आहे तो पुढचा रकाना, 'बदलाचे कारण'.

पुरुषोत्तमनगरच्या अलीकडे, तोड चालू असलेला ऊस. भर दुपार. मादी बांधाला आडवी उभी आहे, चाळीस मीटरवर. नवी बंदूक दुरुस्तीला गेलेली, म्हणून जुनी आमच्या पथकातल्या वनरक्षक मुलीच्या हातात. ती धडगावकडच्या डोंगरातली. तिच्यासारखा नेम पथकात कोणाचा नाही. मी मागे, अंतरमापक आणि स्वरचित तक्ता घेऊन, सेनापतीच्या आविर्भावात. तक्ता नव्या बंदुकीचा, मिलमधला. मी धीरगंभीर स्वरात उच्चारतो, "चार." ती चार फिरवते. सोळा सेंटिमीटर वर जायला हवा होता तो नेम जेमतेम पाच जातो. सुई मांडीत न लागता गुडघ्यावर बसते आणि हाड मोडते. ती मादी आता पिंजऱ्यात आहे, तीन पायांवर, आणि जन्मभर तिथेच राहील.

अहवालात मी लिहिले, 'नेम खाली लागला.' वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते. मुलीची बंदूक काढून घेतली गेली. सध्या ती विसरवाडीच्या नाक्यावर ट्रकमधली लाकडे तपासते. परवा मी तिथे चहाला थांबलो. तिने तक्रार केली नाही. कप माझ्या हाती देऊन एवढेच म्हणाली, "सर, तुम्ही चार सांगितले ना? मी चारच फिरवले." मी म्हणालो, बघू. संस्कृतप्रचुर वाणीचा आयुष्यभर अभ्यास केलेल्या माणसाला त्या क्षणी सुचलेला हा एकमेव शब्द.

तेव्हापासून आपले स्वयंपाकघर आठवते. आई भाकरी थापते आहे, तुम्ही पाटावर बसून माझी गणिताची वही धरलेली. उत्तर बरोबर असूनही तुम्ही त्यावर आडवी रेघ मारता. "चार काय रे? भाकरी का कोस? एकक कोठे शे?" शिंचे एक उत्तर बरोबर आले तरी या घरात भाकरी सुखाने मिळत नाही, असे मी पुटपुटतो. तुम्ही ऐकता, हसत नाही, आणि मी एकक लिहीपर्यंत माझे ताट वाढू देत नाही. कचेरीतल्या शुद्ध मराठीत तुम्ही कोणालाच रागावत नव्हता. राग आला की घरची अहिराणी यायची, आणि मग ते खरे असायचे.

आत्ता तो रकाना भरला. 'संख्या सांगताना मी एकक सांगितले नाही. नेम चुकला नव्हता. वनरक्षकाचा दोष नाही.' खाली सही केली. हे पान उद्या वर जाईल; तिला बंदूक परत मिळेल का, ते ठरवणे माझ्या हाती नाही. ही चूक अनवधानाची मानली जाईल, आणि मीही तसे मानू देईन. तुम्हाला मात्र सांगतो, आणि तुमचा पत्ता नाही म्हणूनच सांगू शकतो. तिच्या हाती जुनी बंदूक आहे, हे मी पाहिले होते. चार काय, हा प्रश्न मला तिथेच, तुमच्या आवाजात ऐकू आला होता. पण सगळे माझ्याकडे बघत होते, आणि तक्ता पुन्हा उघडायची मला लाज वाटली.