बूट बाहेर काढून यावे

३ मार्च, सोमवार

गाडी आली! पांढरी, लांबुळकी, जीपच्या मागे बांधून आणली. आत एक संडास, हात धुवायचं बेसिन, नळाला खरोखरचं पाणी, बसायला दोन बाकं, वर पंखा. खाली फिकट निळी फरशी. किल्ली माझ्या हातात देऊन गाडीवाले साहेब म्हणाले, मावशी, आता ही तुमची. टाकी भरून घ्यायची, स्वच्छ ठेवायची आणि रोज किती जणी येऊन गेल्या ते वहीत लिहायचं.

हे काम मलाच का मिळालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. एकवीस वर्षं रस्त्यावर खडी वाहिली. तेव्हा आडोसा म्हणजे एक जुनी चादर — चौघी धरायच्या, एक बसायची. पुरुष हसायचे. म्हणून घरून निघाल्यापासून संध्याकाळपर्यंत पाण्याचा घोट घ्यायचा नाही. एक किडनी गेली, दुसरी अर्धी राहिली. डॉक्टर ओरडला होता, पाणी का पीत नव्हतात म्हणून. त्याला काय सांगणार? घमेलं उचलायला बंदी झाली, म्हणून आता हे हलकं काम.

आता सूनही त्याच टोळीत आहे. मुलगा लांब खाणीवर, चार-चार महिने तोंड दाखवत नाही. घरात आम्ही दोघीच, आणि राग दोघींच्याही नाकावर. पण तिच्या किडन्या तरी शाबूत राहतील. आज घरी येताना एवढंच मनात होतं.

४ मार्च

पहिल्याच दिवशी वाट लावली! नऊ जणी आल्या त्या बुटांसकट. निळ्या फरशीवर डांबराचे काळेकुट्ट ठसे. रॉकेलचा बोळा घेऊन गुडघ्यांवर बसून घासले, कंबरेचा काटा ढिला झाला. त्या नऊ जणींत आमच्या सूनबाईही. सगळ्यांदेखत तिला म्हटलं, "घरात अशीच शिरतेस का गं?"

गेली ती मागे वळून न बघता.

संध्याकाळी पुठ्ठ्यावर ठळक लिहून दाराला लावलं — बूट बाहेर काढून आत यावे.

७ मार्च

फरशी आरशासारखी! काल पाच जणी आल्या होत्या, आज तिघी. साहेब अचानक पाहणीला आले. दारातच थबकले. म्हणाले, मावशी, तुमच्यासारखी कुणी ठेवली नाही गाडी. स्वारी खुशीत होती. फोटोही काढला — माझा नाही, फरशीचा. तरी मला किती बरं वाटलं! आयुष्यात पहिल्यांदा कुणी काही चांगलं माझ्या हाती सोपवलं आणि ते मी चांगलं ठेवलं.

सुनेला रात्री जेवताना हे सगळं सांगितलं. ती ऐकून घेत होती. मग हळूच म्हणाली, बरं झालं.

१२ मार्च

एकच. गाड्या थांबवायला रस्त्यात लाल झेंडा धरून उभी असते ती. ती बिचारी चपलांत असते, चपला दाराशी काढून आत येते, शहाण्यासारखी. बाकीच्या दहा मिनिटांच्या सुट्टीत रोलरच्या सावलीला बसून राहतात. डांबर गार होतं म्हणून मुकादम दहाच्या वर एक मिनिटही देत नाही.

इतक्या जवळ गाडी उभी आणि या तिकडे बसणार. सवय मोडत नाही, दुसरं काय.

१७ मार्च

कुणी नाही. ऊन मी म्हणतंय.

सून सकाळी बाटली भरून नेते आणि संध्याकाळी तशीच भरलेली परत आणते. विचारलं तर म्हणे, तहान लागली नाही. त्या दिवशीचं एक वाक्य किती दिवस धरून ठेवणार ही? मी सासू आहे, एवढंही बोलू नये? मीही मग काही विचारलं नाही.

२० मार्च

साहेबांनी वही चाळली आणि कपाळाला आठ्या. म्हणाले, वापरच नसेल तर महिनाअखेरीला गाडी दुसऱ्या कामावर न्यावी लागेल.

माझं डोकंच फिरलं. टोळीत सगळ्यात जुनी ती लांबडी, माझ्याबरोबर दहा वर्षं चादर धरलेली. तिला गाठून फैलावर घेतलं. तुमच्यासाठी एवढं आणलं आणि तुम्हाला त्याची किंमत नाही? ती घाम पुसत हसली. म्हणाली, "गाडी छान आहे गं तुझी. लांबून बघायला."

काय हा खवचटपणा! दिवसभर डोक्यातून जात नव्हतं.

२४ मार्च

सून कोसळली. घमेल्यासकट.

अंग भट्टीसारखं तापलेलं, दात वाजतायत, पाठीत कळ. मुकादमाच्याच गाडीतून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, लघवी बघितली. किडनीला सूज, आत पू झालाय. मला बाजूला घेऊन विचारलं, "कामाच्या जागी संडास नाही का?"

म्हटलं, आहे. चांगला आहे. मीच बघते.

त्या माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. असं काय बघतायत ते मला कळेना. मनात म्हणत होते, हट्टी कार्टी, माझ्यावरचा राग स्वतःच्या अंगावर काढलास.

२५ मार्च

ताप उतरत नाही. मुलाला निरोप धाडलाय.

दवाखान्यातून तिचे कपडे आणि बूट पिशवीत घालून दिले. घरी आल्यावर हाताला काही काम हवं म्हणून बूट साफ करायला घेतले. मग काय वाटलं कुणास ठाऊक, पायात घातले.

हे बूट आले तीन वर्षांपूर्वी, एका बाईचा पाय डांबरात भाजला तेव्हा. तोवर माझं घमेलं सुटलं होतं. आमच्या वेळी चपला, त्यांवर चिंध्या गुंडाळलेल्या. असला बूट माझ्या पायात कधी गेलाच नव्हता. नडगीपर्यंत उंच. एकेका बुटाला दहा-दहा भोकं, नाड्या डांबराने वाळून काठीसारख्या ताठ. नखं तुटली माझी. भिंतीवरचं घड्याळ बघून पुन्हा केलं. दोन्ही काढायला पाच मिनिटं. घालून बांधायला सहा.

सुट्टी दहा मिनिटांची.

तशीच बसून राहिले, एक बूट पायात आणि एक हातात. मी केलं हे. ज्या बाईला सगळ्यात आधी कळायला हवं होतं, तिने केलं. खूप रडले.

२६ मार्च

पहिलं काम, पुठ्ठा फाडला. मग रोलरपाशी गेले आणि मुकादमासमोर सगळ्यांना म्हटलं, या, बुटांसकट या, माझं चुकलं. कुणी टोमणा मारला नाही. तेच जास्त लागलं.

सतरा जणी! फरशी काळीभोर झाली. दुपारी लांबडी बाकावर बसून माझ्यासमोर आख्खी बाटली प्यायली, घटाघटा. मी विचारलं, मला आधी का नाही सांगितलंत? ती म्हणाली, "आम्ही तुझ्या सुनेलाच म्हणत होतो, सांग सासूला. तिनेच अडवलं. म्हणाली, त्यांना कुणी काही बोलायचं नाही."

आता हे काय?

२८ मार्च

काल एकोणीस, आज बावीस. साहेबांना फोन करून आकडे सांगितले. ते म्हणाले, मावशी, पत्र कधीच वर गेलं. त्यांनी वाचूनही दाखवलं. 'सदर ठिकाणी महिला कामगारांना सुविधेची आवश्यकता नाही.' सोबत माझ्या वहीतले आकडे आणि तो चकचकीत फरशीचा फोटो.

फोनवरच हातापाया पडले. ते वाईट माणूस नाहीत, पण त्यांच्याही हातात काही नाही म्हणे.

३१ मार्च

नेली. जीपवाल्याने आत डोकावून नाक मुरडलं, किती घाण केलीय म्हणाला.

३ एप्रिल

सून घरी आली. निम्मी झालीय. डावी किडनी आता नावापुरतीच, डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. मुलाला सुट्टी मिळाली नाही. दहा दिवसांनी कामावर जाणार म्हणते. नको म्हणायची ताकद माझ्यात नाही, घरात दुसरं येतं काय?

१३ एप्रिल

उद्या तिचा पहिला दिवस. इतके दिवस तोंडाशी येऊन परत जात होतं, आज विचारलं. सांगायचं नाहीस का गं मला?

ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. म्हणाली, "आई, तुम्ही ती फरशी पुसताना गाणं म्हणत होतात. सहा वर्षं झाली मला या घरात येऊन. तुमचं गाणं कधी ऐकलं नव्हतं."

ट्रंकेतून जुनी चादर काढून ठेवलीय. उद्या तिच्याबरोबर मीही जाणार, धरायला.