तहात राहून गेलेला धाकू

फा. शु. ३, शके १८५०. रत्नागिरी
वाचनालयाच्या चिटणिसांनी गाठलं. देवळात माझं व्याख्यान, विषय अमेरिका-इंग्रजांचं दुसरं, १८१२ चं युद्ध. "तात्या, तुम्ही वर्तमानपत्राचे बातमीदार. लढाया तुम्हालाच ठाऊक." सौ. म्हणाली, "घरातल्या पुरत नाहीत वाटतं?"

फा. शु. ५
शिमग्याला तोंड लागलं आणि युद्ध इथंच. पालखी आधी कुणाकडे, हा वरच्या-खालच्या वाडीचा कज्जा होताच. आज खालच्यांच्या खेळ्यांची, म्हणजे शिमग्यातल्या नाचगाण्याच्या मेळ्याची, तालीम रंगात असताना वरच्यांनी त्यांचा मृदंगवाला धाकू उचलून नेला. मृदंगासकट. धाकू जन्मानं वरचा, चार वर्षं खाली घरजावई. वरचे: "जल्मला आमचा, तो आमचाच." खालचे: "जेवतो कुनाकडं?" धाकू नाही तर खालच्यांचे खेळे यंदा बसले. त्याला नेताना वाटेत माझी गाठ पडली. "मला कुनी इचारलाच नाय, तात्या."

फा. शु. ९
व्याख्यान. दोन्ही वाड्या हजर, दोन बाजूंना. कारणं सांगत होतो. इंग्रज अमेरिकेचा व्यापार अडवत, भर समुद्रात जहाजं थांबवून खलाशी उतरवून नेत. म्हणत, इंग्लंडात जन्मला तो मरेपर्यंत आमचा. खालचा बाबल्या उठलाच. "म्हंजे इंग्रज वरच्या वाडीचा!" हशा. मग कलाटण्या. अमेरिका कॅनडा घ्यायला गेली, मार खाऊन आली. इंग्रजांनी त्यांची राजधानी जाळली. (वरचे: "पुनवेच्या आधीच होळी?") पुढच्या बंदरातला किल्ला मात्र रात्रभर तोफा खाऊन उभा राहिला. इंग्रज परतले. शेवटी समुद्रापार तह झाला, पण बातमी पोचेपर्यंत इकडे एक मोठी लढाई होऊन गेली! तीही अमेरिकेनं जिंकली. बाबल्या: "टपाल आपल्यासारखाच."

फा. शु. १५
होळी. देवळापुढे वाड्या समोरासमोर, धाकू वरच्यांत बसवलेला. वरचे गायला लागले, मृदंग पेंगतोय. खालच्यांनी नुसत्या टाळांवर गण धरला, आणि धाकूची बोटं सुटली! वरचे ओरडताहेत, हा डोळे मिटून वाजवतोय. पलीकडे त्याची बायको तोंडाला पदर लावून हसतेय. शेवटी वरच्यांनीही तोच गण उचलला; करतात काय? असा शिमगा जन्मात पाहिला नव्हता. घसा माझाही बसला. (मी निःपक्षपाती होतो.)

फा. व. १
सकाळी आमचे गोविंदकाका मुंबईच्या बोटीतून उतरले. दोन्ही वाड्यांचे चाकरमानी मुंबईत एकाच खोलीत राहतात. तिथं होळीआधीच तह झालेला. पालखीची वाट, मान, नारळ, सगळं यथापूर्वम्. "आणि धाकू?" काकांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "तेवढा राह्यला." ठसका लागेपर्यंत हसलो. अमेरिका-इंग्रजांच्या तहातही खलाशांचं अवाक्षर नव्हतं.

संध्याकाळी धाकू मृदंग घेऊन आमच्या ओटीवर. "तात्या, मंग मी कुनाचा?" मी संस्कृतात उत्तर शोधतोय, तोवर सौ.नं मृदंगाला लावायला कणीक भिजवून आणली. "कणीक आमची, म्हणजे धाकूही आमचाच."

उद्या पालखी. तिसरी वाडी युद्धात उतरलीय, हे वरच्या-खालच्यांना अजून कळलेलं नाही.